बदकाची चोच

४ जानेवारी

प्रिय किटली,

तुझ्या लग्नाला वर्ष उलटून गेलं आणि मी तुला एक ओळही लिहिली नाही, याबद्दल आधी माफी मागते. सबबी पुष्कळ आहेत. कच्च्या कागदावर लिहून पाहिल्या, पण मला स्वतःलाच वाचवेनात. रोजची वही मात्र न चुकता लिहिते. म्हणजे स्वतःशी बोलायला वेळ होता, तुझ्याशी बोलायला नव्हता. हे वाक्य कागदावर फार वाईट दिसतंय, पण खरं आहे म्हणून खोडत नाही.

आपलं घर बंद झालं हे तुझ्या कानावर आलंच असेल. शेवटची दोघं मोठी होऊन कामाला लागली आणि नवीन मूल काही आलं नाही. एचआयव्ही घेऊन जन्मणारी मुलंच आता कमी झाली आहेत, आणि जी जन्मतात ती आपापल्या माणसांत वाढतात. बंद पडली म्हणून आनंद व्हावा अशी दुसरी संस्था मी तरी पाहिली नाही. तरीही कुलूप लावताना मला रडू आलं. आपण नेमकं कशासाठी रडलो, यावर मग मी वहीत दोन पानं खर्च केली. निष्कर्ष निघाला नाही.

आता मी आक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे राहते. इथल्या शाळेच्या ग्रंथालयात काम मिळालं आहे. मुलं पुस्तकं उलटी लावतात, मी सुलटी लावते.

घर आवरताना टॉवेलांची पेटी सापडली. तुम्ही आलात तेव्हा कुणालाच अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येकाच्या टॉवेलावर, पेल्यावर, खुंटीवर मी एकेक चित्र काढलं होतं. मग तुम्ही एकमेकांना त्याच चित्रांच्या नावाने हाका मारायला लागलात. तुझी किटली बरी जमली होती. तुझ्या नवऱ्याचं बदक मात्र मी शेपटीकडून काढायला घेतलं. मान वर नेईपर्यंत टॉवेलाची कड आली आणि चोचीला जागाच उरली नाही. सगळी मुलं ओरडली, "बूट!" तो बिचारा पाच वर्षांचा. त्या दिवसापासून बूट तो बूटच. त्याचा टॉवेल मी इथे घेऊन आले आहे.

तू कशी आहेस? बूट कसा आहे? गोळ्या वेळेवर ना? (हे विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते.)

तुझी,
ताई

१२ जानेवारी

ताईंना सा. न. वि. वि.

(हे वर लिहायचं असतं असं तुम्हीच शिकवलंत. लिहिलं, सुटले.)

माफी कसली मागता? लग्नात तुम्ही दिलेल्या चादरीवरच आम्ही रोज झोपतो. आता फाटायला आली, तेव्हा चुकलंच असेल काही तर ते सगळं वसूल झालं असं समजा.

आमच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. खाली घरमालकीणकाकू. बूट अजून त्याच सुतारकामाच्या कारखान्यात आहे. शाळांची बाकं, वसतिगृहांच्या खाटा, कपाटं. मी बस स्टँडवर आहे, चौकशीच्या खोलीत. "प्रवाशांनी लक्ष द्यावे" म्हणणारा आवाज माझा. गाड्या उशिरा येतात त्यात माझा दोष नाही, पण शिव्या मला.

गोळ्या वेळेवर. रात्री आठला दोघं समोरासमोर उभे राहून गिळतो आणि एकमेकांसाठी टाळ्या वाजवतो, तुम्ही लावलेली सवय. खालच्या काकूंना वाटतं आम्ही टीव्हीवर सामने बघतो. परवा जिन्यात विचारत होत्या, "काल कोण जिंकलं?" हा म्हणाला, "बरोबरीत सुटला."

आता मुद्द्याचं. ताई, मला मूल हवंय.

तुम्ही कारण विचाराल. तुम्ही विचारणारच. तर ऐका. स्टँडवर मूल हरवलं की माझ्या खोलीत आणून बसवतात. मी त्याला बिस्किट देते आणि माइकवर सांगते, "लाल स्वेटर घातलेली मुलगी चौकशी खिडकीपाशी आहे." मग आई धापा टाकत येते, आधी एक धपाटा घालते, मग उचलून घेते, आणि दोघी जातात. माझ्या खोलीत बिस्किटाचा चुरा उरतो. गेल्या आठवड्यात तो चुरा मी संध्याकाळपर्यंत झाडलाच नाही. साहेब म्हणाले, मुंग्या येतील. म्हटलं, येऊ द्या, कुणीतरी येऊ द्या.

डॉक्टरीणबाईंना भेटून आले. त्या म्हणाल्या, दोघांच्याही रक्तात व्हायरस सापडणार नाही इतका कमी आहे आणि बरीच वर्षं तसाच आहे. गोळ्या अशाच चालू ठेवायच्या, जन्मल्यावर बाळाला काही आठवडे औषध द्यायचं. मग बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी. मी विचारलं, "म्हणजे मला होऊ शकतं?" त्या म्हणाल्या, "मूल ना? का नाही? तुम्ही काय जगावेगळ्या आहात?" मला इतकं बरं वाटलं, ताई. जगावेगळी नाही म्हणून कुणी मला पहिल्यांदाच सुनावलं.

पण बूट. मी बोलते तेव्हा अख्खं स्टँड ऐकतं, हा एक ऐकत नाही. विषय काढला की "बघू" म्हणतो. मग त्याला एखाद्या खुर्चीचा पाय डगमगताना दिसतो आणि तो पेचकस शोधायला जातो. आमच्या घरातल्या खुर्च्या आता हत्ती बसला तरी हलायच्या नाहीत.

तुम्ही त्याला लिहा. तुमच्या शब्दाखातर त्याने माशाचं तेल प्यायलं होतं. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका.

तुमची किटली

१५ जानेवारी

ताई,

नमस्कार. हे पत्र कारखान्यातून लिहीत आहे. उत्तरही कारखान्याच्याच पत्त्यावर पाठवावे ही विनंती.

किटलीला मूल हवे आहे. आपण तिला दोन शब्द समजावून सांगावेत. दोघांनाही आयुष्यभर औषधे घ्यायची आहेत. तिच्या तब्येतीवर ताण येईल. शिवाय बाळाच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. आहे ते बरे चालले आहे. ती माझे ऐकणार नाही, आपले ऐकेल. मी लिहिले हे तिला कळू देऊ नये.

आपला,
बूट

ता. क. माझा टॉवेल आपल्याकडे आहे असे किटलीने सांगितले. फेकू नये.

२३ जानेवारी

प्रिय किटली,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. बिस्किटाच्या चुऱ्यापाशी दर वेळी थांबले.

तरी मी बूटला तुझ्या बाजूने लिहिणार नाही. रागावू नकोस. तुम्ही लहान असताना माझ्या एका शब्दावर तेल प्यायलात, कारण तेव्हा मी वाटी घेऊन समोर उभी होते. मूल म्हणजे माशाचं तेल नव्हे. माझ्या सांगण्यावरून त्याने हो म्हटलं, तर पुढे पहिल्यांदा मूल रात्रभर रडेल तेव्हा तो मनातल्या मनात माझ्याकडे बघेल. तसं व्हायला नको.

एकच सुचवते. विषय काढायचा असेल तर जिथे एकही खुर्ची नाही अशा जागी त्याला घेऊन जा.

ताई

२३ जानेवारी

प्रिय बूट,

तुझं पत्र मिळालं. कारण मला पटलं नाही, आणि मला वाटतं तुलाही पटलेलं नाही. तू खोटं लिहितोस तेव्हा तुझं अक्षर सुधारतं, हे मला तू दुसरीत असल्यापासून माहीत आहे. या पत्रातलं अक्षर इतकं सुंदर आहे की मला काळजीच वाटली.

तरी तुझ्यावर अन्याय नको म्हणून इथल्या दवाखान्यात जाऊन विचारून आले. गोळ्या नियमित असतील आणि व्हायरस दबलेला असेल, तर आईला आणि बाळाला भिण्यासारखं फार थोडं आहे. आणि हे तुलाही ठाऊक आहे. वसतिगृहात लहान मुलांना तूच समजावून सांगायचास.

तेव्हा किटलीला मी काही समजावणार नाही. तू हो म्हण असंही सांगणार नाही. फक्त खरं कारण काय ते विचारते. सांगायचं नसेल तर सांगू नकोस.

इकडे आक्काने माझं तोंड पाहून विचारलं, "काय पोटात ठेवून फिरतेस? जेवण निम्म्यावर आलंय तुझं." मी म्हटलं, काही नाही. वहीतसुद्धा लिहिलं, "काही नाही." वहीशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

अक्षर बघा. वाईट आहे.

खरं सांगतो. बाप काय करतो हे मला माहीत नाही. कामाला जातो, ते मला येतं. पण संध्याकाळी घरी आल्यावर? सिनेमात पाहिलंय, पण सिनेमातला बाप एकतर ओरडतो नाहीतर मरतो. माझे वडील मला आठवतसुद्धा नाहीत. आपल्याकडे घंटा होती. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं, घंटा झाली की दिवे बंद. घंटेशिवाय मूल कसं वाढतं?

कारखान्यातल्या पॉलिशवाल्याच्या घरी गेलो होतो. आम्ही बोलत बसलो होतो, तर त्याची मुलगी मागून येऊन त्याच्या पाठीवर चढली, मानेला मिठी मारून लोंबकळायला लागली. आणि हा तसाच वार्निशच्या भावाबद्दल बोलत राहिला, जणू पाठीवर काही नाहीच. मी विचारलं, "हे तू कधी शिकलास?" तो हसत सुटला. ताई, मी चेष्टा करत नव्हतो.

आणि एक दिवस ते मूल विचारेल, बाबा, तुम्ही रोज गोळी कशाला घेता? तेव्हा मी पेचकस शोधायला जाऊ का?

किटलीला यातलं काही सांगू शकत नाही. ती म्हणेल, एवढंच? तिला सगळंच एवढंच वाटतं.

बूट

९ फेब्रुवारी

प्रिय बूट,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. असल्यासारखं लिहून पाहिलं, दोन कागद फाडले.

मी आपल्या घरात नोकरीला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. तत्त्वज्ञानाची पदवी होती आणि एका मुलाचं नाक धड पुसता येत नव्हतं. पहिल्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "बाई, नाक पुसताय की भिंत?" ते कधी जमायला लागलं ते मला आठवत नाही, आणि मी तर सगळं लिहून ठेवणारी. वहीत शोधलं. त्याबद्दल एक अक्षर नाही. शिकणं बहुधा असंच होत असावं, पण हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

एक मात्र खात्रीने सांगते. मला लिहिलंस ते पत्र चुकीच्या पत्त्यावर आलं. ते पत्र सोबत परत पाठवते आहे. योग्य माणसाला दे. ती "एवढंच?" म्हणाली, तर म्हणू दे. कधी कधी ते ऐकायलाच हवं असतं.

ताई

११ जुलै

ताईंना सा. न. वि. वि.

बसलात का? बसा. खुर्ची डगमगत नाही ना?

मला दिवस गेलेत. चौथा महिना लागला. आधी लिहिलं नाही, कारण डॉक्टरीणबाई म्हणाल्या पहिले तीन महिने जरा सांभाळून. त्यांनी गोळ्यांबद्दल सांगितलं होतं, बोलण्याबद्दल नाही, पण मी बोलणंही सांभाळलं. मला ते किती जड गेलं असेल याची कल्पना करा.

फेब्रुवारीत मी याला तलावाच्या बांधावर नेलं. तिथे खुर्ची सोडा, दगडही बसण्यासारखा नाही. हा उभ्याउभ्या खिशातून एक पत्र काढून माझ्या हातात देतो, आणि स्वतः पाण्याकडे तोंड करून उभा राहतो. मी वाचलं. शेवटी आलं, ती म्हणेल एवढंच. तर मी तोंडातला शब्द गिळला आणि म्हटलं, "मला तरी कुठे माहीत आहे आई काय करते?" तेव्हा तो वळला. मग कळलं की हा तुम्हाला लिहीत होता, मीही लिहीत होते, दोघं एकमेकांच्या चहाड्या करत होतो आणि तुम्ही मधल्या मधे जेवण टाकून बसला होतात! ताई, तुम्ही पोटात किती गोष्टी ठेवता हो? आता जेवा.

उलट्या होतात, पण सकाळी. गोळी रात्रीची, ती टिकते. गेल्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं, व्हायरस सापडत नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासाठी टाळी वाजवली. मी त्यांनाही सवय लावली.

बूट आता सुट्टीच्या दिवशीही कारखान्यात जातो. बाळासाठी काहीतरी बनवतोय, बघू देत नाही. अंगभर भुसा घेऊन येतो आणि शीळ घालतो. शीळ बेसूर आहे, पण मी बोलत नाही.

किटली

२० जुलै

प्रिय किटली,

जेवले. आक्का साक्षीला आहे.

तुझं पत्र तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग चष्मा लावून तिसऱ्यांदा स्वतः वाचलं. म्हणाली, "म्हणजे तू आजी झालीस की गं!" मी म्हटलं, "मी कशी आजी? मी तिथे नोकरीला होते. पगार घेत होते." आक्का म्हणाली, "बरं. मग मी होते आजी. मला काही अडचण नाही." आणि लगेच लोकर काढून बसली. रंग विटका आहे. मी काही बोलले नाही, तुझ्याकडूनच शिकले.

खरं सांगू? मी त्यावर दोन दिवस विचार करते आहे. आपण ज्यांना वाढवलं त्यांच्यावर आपला हक्क किती? वहीत लिहिलं, "नाही." मग खाली लिहिलं, "पण आनंद होतोय त्याचं काय करायचं?"

जप. गोळ्या घेतेस का हे मी विचारत नाही. बघ, नाही विचारलं.

ताई

५ ऑक्टोबर

ताईंना सा. न. वि. वि.

आमच्याकडे एक घोटाळा झालाय. आधी तुम्ही हसून घ्या, मग पुढचं वाचा, कारण पुढे हसण्यासारखं नाही.

रविवारी बूटने बाळाची खाट घरी आणली. हमाल जिन्यात अडकले, काकू खालून सूचना देत होत्या, "वाकडी करा, अहो वाकडी!" खाट आत आली. काय खाट, ताई! एकही खिळा दिसत नाही, कडा बोटाने गोल केल्यासारख्या. बाजूला टॉवेलाची खुंटी. पॉलिश असं की त्यात माझं नाक दिसत होतं. मी तर हरखून गेले. म्हटलं, "शिडी किती छान केलीस!"

तेवढ्यात काकू वर आल्या. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग म्हणाल्या, "खाट सुरेख आहे हो. पण एवढ्याशा बाळाला वरच्या मजल्यावर कोण चढवणार?"

ताई, ती दुमजली आहे. आपल्याकडे होती तशीच. खाली एक, वर एक, मधे शिडी. आणि ना त्याला काही खटकलं, ना मला. आम्हाला लहान मुलाची खाट म्हटली की हीच दिसते! मीही काही कमी नाही. मी एकाच मापाची, एकाच निळ्या कापडाची डझनभर झबली शिवून ठेवली आहेत. काकूंनी तीही पाहिली आणि विचारलं, "जुळं आहे का गं? की शाळा काढताय?"

मी हसले. काकू हसल्या. बूट हसला नाही. तेव्हापासून तो खाटेकडे पाठ करून जेवतो. काल म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं? मला वसतिगृह येतं, घर येत नाही. मला जे येतं तेच मी त्या बाळाला देणार." आता ती खाट मोडून कारखान्यात परत नेतो म्हणतोय. शीळ बंद. ताई, पोटात बाळ लाथा मारतंय आणि हा हात लावून बघायला येत नाही. म्हणतो, माझे हात खरबरीत आहेत.

या वेळी मात्र त्याला लिहा. मी सांगितलं म्हणून खुशाल सांगा.

किटली

१२ ऑक्टोबर

प्रिय बूट,

किटलीने सांगितलं म्हणून लिहिते आहे. आता सगळं उघड, बरं वाटतं.

खाटेची हकीगत वाचून मी हसले, आधी तेच कबूल करते. आक्का तर इतकी हसली की तिच्या विणकामाचे टाके सुटले. हसावं की नाही, यावर मी थोडा वेळ विचार केला. पण मला ते बदक आठवलं. मी शेपटीकडून सुरुवात केली, तू मजल्याकडून केलीस. फरक एवढाच, की माझ्या बदकाला चोच लावायची सोय नव्हती, टॉवेल संपला होता. तुझं लाकूड संपलेलं नाही.

तू म्हणतोस तुला घर येत नाही. असेल. पण बाळाला शिडी चढता येत नाही हे तुला परवापर्यंत माहीत नव्हतं आणि आज माहीत आहे. एक गोष्ट झाली. आता काकूंना विचार, बाळाची खाट केवढी असते, गज किती जवळ लागतात, उंची किती. मापं घ्यायला तुला कुणी शिकवायला नको. त्यांनी मुलं वाढवली आहेत, त्यांना सांगायला आवडेल. बायकांना असं कुणी विचारलं की त्या चहा करतात आणि तासभर सांगतात, हा माझा अनुभव आहे.

खाट मोडू नकोस. आणि खरबरीत हातांचं म्हणशील, तर बाळ अजून पोटात आहे. मधे बरंच काही आहे.

ताई

३० ऑक्टोबर

ताई,

अक्षर बघा.

काकूंनी तासभर नाही, तीन संध्याकाळी सांगितलं. चहा वेगळा. त्यांचा धाकटा मुलगा गजांत डोकं अडकवून बसला होता, तेही कळलं. गजांमधलं अंतर काकूंनी चारदा तपासलं.

वरचा मजला उतरवला. त्याला उंच बाजू लावल्या, गज बसवले, खाली पाय दिले. आता ती बाळाची खाट. शिडी काकूंनी कुंड्या ठेवायला नेली. खुंटी ठेवली आहे. चित्र नाही अजून.

खालची खाट होती तशीच उरली. ती तुमची. जानेवारीत या. आक्कांनाही घेऊन या, त्यांना काकूंकडे झोपवू.

काल हात लावून बघितला. लाथ बसली. किटली म्हणते, बूटचं पोर, लाथच मारणार.

बूट

२१ जानेवारी

प्रिय आक्का,

तुझे गुडघे दुखत नसते तर हे सगळं तू डोळ्यांनी पाहिलं असतंस. मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. वजन छान, आवाज त्याहून छान, किटलीचीच मुलगी. तिला माइक लागणार नाही.

दवाखान्यात आत सोडायच्या आधी परिचारिकेने मला विचारलं, "आपण बाळाच्या कोण?" मी अडखळले. खरं उत्तर लांबलचक होतं आणि ती घाईत होती. तेवढ्यात बूट मान वर न करता म्हणाला, "आजी. एक अजून आहे, गावी. तिचे गुडघे दुखतात." घे, तुझीही नोंद झाली.

बाळाला काही आठवडे औषध द्यायचं आहे. परिचारिकेने थेंब कसे द्यायचे ते दाखवलं आणि ड्रॉपर किटलीकडे दिला. बूटने मधेच हात पुढे केला, "मी देतो." कपाटाला कुलूप बसवावं तसं, श्वास रोखून, अगदी हळू दिलं. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि गिळलं. आणि आक्का, दोघांनी एकदम टाळ्या वाजवल्या! सवयीने मीही वाजवल्या. बाळ दचकून रडायला लागलं, शेजारचं बाळ रडायला लागलं, परिचारिका धावत आली, "काय झालं?" किटली म्हणाली, "काही नाही, गिळलं." पाजण्याबद्दल डॉक्टरीणबाईंशी बोलून त्यांनी आधीच ठरवून ठेवलं आहे, तुझी ती काळजी नको. आता टाळ्या दोन बोटांनी वाजवायच्या असं ठरलंय.

तू विणलेला स्वेटर मोठा होतोय. रंग काकूंना आवडला, म्हणजे रंग असाच असतो असं समजू.

तुझी धाकटी

३ मार्च

दोन्ही आज्यांना सा. न. वि. वि.

पहिल्या तपासणीचा निकाल आला. बाळाच्या रक्तात काही नाही. पुढेही तपासतील, आणि शेवटची तपासणी दीड वर्षाची झाल्यावर. तोवर मी श्वास रोखून बसणार नाही, कारण रोज माइकवर बोलायचं असतं.

खालची खाट रिकामी आहे. काकू विचारतात, त्या हसऱ्या बाई कधी येणार? ताई, तुम्हाला कुणीतरी हसऱ्या म्हटलंय, वहीत लिहून ठेवा.

किटली

२८ जुलै

ताई,

पोर दीड वर्षाची झाली. शेवटची तपासणी झाली. काही नाही. तिला एचआयव्ही नाही, पक्कं. डॉक्टरीणबाईंनी हात मिळवला. त्या म्हणाल्या, तुमचे हात किती खरबरीत आहेत. म्हटलं, सुतार आहे. बाहेर येऊन जिन्यात बसलो थोडा वेळ. पोरीला वाटलं खेळ आहे, तीही बसली.

मला भीती होती की ती गोळ्यांचं विचारेल. अजून बोलत नाही, पण आठला आम्ही गोळी गिळली की ती टाळ्या वाजवते. आता कुणी काहीही गिळलं तरी वाजवते. काकूंनी चहाचा घोट घेतला की टाळ्या. काकू म्हणतात, साठ वर्षं चहा पिते आहे, पहिल्यांदा कुणी कदर केली. पुढे विचारेल तेव्हा सांगू. सुरुवात बरी झालीय.

आता काम. पंधरा ऑगस्ट झाला की ती पाळणाघरात जाणार. तिथे प्रत्येक मुलाच्या खुंटीला आणि टॉवेलाला एक चित्र लागतं, वाचता येत नाही म्हणून. बाईंनी छापील चित्रं दाखवली, यातलं घ्या म्हणाल्या. म्हटलं, नको, आमच्या घरात चित्र काढणारं माणूस आहे. टॉवेल पाठवतो आहे. तिला बदक द्या. खरं बदक. घरात बूट एक पुरे.

बूट

ता. क. (मी, किटली. याला न विचारता लिहितेय.) काल संध्याकाळी हा काकूंशी दाराच्या बिजागरीबद्दल बोलत बसला होता. पोर मागून आली, याच्या पाठीवर चढली, मानेला मिठी मारून लोंबकळायला लागली. आणि हा तसाच बोलत राहिला, ताई, जणू पाठीवर काही नाहीच. मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो विचार करायला लागेल.

४ ऑगस्ट

प्रिय बूट, प्रिय किटली,

निकाल वाचला. आक्काने वाटीभर साखर फस्त केली आणि वर म्हणाली, "कुणी टाळ्या वाजवायला नाही." मी वाजवल्या. दोन बोटांनी नाही, चांगल्या कडकडून.

टॉवेल मिळाला. माझ्या हातून पुन्हा बिघडेल का, या विचारात दोन दिवस गेले. तयार छापील चित्रं सुबक असतात, मी कशाला हट्ट धरायचा, असंही वहीत लिहिलं. मग जुन्या वर्तमानपत्रावर सराव केला. पहिलं बदक आक्काला दाखवलं, ती म्हणाली, "इस्त्री." दुसरं दाखवलं, म्हणाली, "हे काय, चहाची बशी?" तिसऱ्याला तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "याला पाणी दाखव, पोहेल."

बूट, तुझा जुना टॉवेल मी पेटीतून काढून समोर ठेवला आहे. इतकी वर्षं झाली, पण रंग गेलेला नाही. ती कड बघते आहे, जिथे जागा संपली होती.

किटली, ता. क. वाचला. मीही त्याला काही सांगणार नाही. (पत्र दोघांना एकत्र लिहिते आहे हे आत्ता लक्षात आलं. बूट, मधलं वाक्य वाचू नकोस.)

पुढच्या आठवड्यात मी स्वतः टॉवेल घेऊन येते. आक्काही येते आहे, गुडघ्यांसकट. खालच्या खाटेवर कोण झोपणार यावरून आमचं भांडण सुरू झालं आहे.

आता दिवेलागण झाली. रंग आणले आहेत, ब्रश धुऊन ठेवला आहे, टॉवेलाला इस्त्री केली आहे. वहीत उद्याच्या तारखेखाली एकच काम लिहिलं आहे:

आधी चोच.

ताई